नाव कळले, पुढे काय?

(मंडळाच्या गुढीपाडव्याच्या स्नेहमेळाव्यात केलेले भाषण. अनेक सभासदांच्या आग्रहावरून, थोडी काटछाट करून स्मरणिकेत देत आहोत. — संपादक मंडळ)



आजच्या भाषणाचे निमंत्रण देण्यासाठी आपल्या चिटणीसांनी मला चार वेळा फोन केला आणि चारही वेळा मी तो घेतला नाही. नंबर अनोळखी होता. शेवटी त्यांनी निरोप धाडला, “काका, मी मंडळातून बोलतोय, कर्ज देत नाहीये, फोन घ्या.” म्हटले, चला, बोलायला विषय आयताच मिळाला.

माझी सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजच्या यंत्रांत गेली. तुमच्यापैकी बरेच जण सॉफ्टवेअरमधले, त्यामुळे आमचे काम तुम्हाला लोहारकाम वाटेल. पण निवृत्तीनंतर सोसायटीच्या बागेत, लग्नात, अगदी परवा मुंजीतसुद्धा मला एकच प्रश्न विचारला गेला. आता म्हणे फोन करणाऱ्याचे खरे नाव पडद्यावर दिसणार. मग हे कर्जवाले, प्लॉटवाले, ‘सर, फक्त दोन मिनिटे’वाले बंद होतील ना? माझे उत्तर असे, की खोटे नंबर कमी होतील, झालेही आहेत. नको असलेले फोन मात्र तेवढ्याने कमी होणार नाहीत. ह्या दोन वाक्यांमध्ये मोठे अंतर आहे आणि ते समजून घेण्यासारखे आहे.

आधी मुळात नंबर दिसतो कसा ते पाहू. जुन्या स्ट्रोजर एक्स्चेंजमध्ये नंबर दिसण्याचा प्रश्नच नव्हता. आपल्या बंगळूरच्या दूरवाणीनगरात १९४८ साली आय.टी.आय. उभी राहिली आणि तिने हीच खटखट करणारी यंत्रे देशभर पुरवली. कोणाला निनावी धमकीचे फोन येत असतील, तर फोन चालू असतानाच आमच्यातला एखादा माणूस रांगारांगांतून एकेक सिलेक्टर बघत, तार धरून मागे मागे जात असे. तोवर समोरच्याने फोन ठेवला की सगळी मेहनत पाण्यात! पुढे इलेक्ट्रॉनिक एक्स्चेंजेस आली. सी-डॉटचे पहिले छोटे ग्रामीण एक्स्चेंज जुलै १९८६ मध्ये सुरू झाले, ते कित्तूरला, म्हणजे आपल्या बेळगावपासून पन्नासएक किलोमीटरवर. बेळगावकरांनी ही गोष्ट अभिमानाने सांगायला हरकत नाही, सांगत मात्र कोणी नाही. मग नव्वदीच्या दशकात फोनशेजारी ठेवायची ती छोटी डबी आली. आठवते ना? लाल-हिरवे आकडे दाखवणारी. पैसे भरून लोक ती घेत आणि पाहुण्यांना कौतुकाने दाखवत.

त्या डबीत दिसणारा आकडा कुठून यायचा? एका एक्स्चेंजने दुसऱ्याला सांगायचे, ‘अमुक नंबरवरून फोन येतोय’, आणि दुसऱ्याने ते मुकाट्याने मान्य करायचे. तपासणी नाही. ती पद्धत ठरली तेव्हा जगात टेलिफोन चालवणारी खाती आणि कंपन्या मोजक्या होत्या, सगळे एकमेकांना ओळखत होते, म्हणून विश्वासावर काम चालले. आपल्या आंतर्देशीय पत्रावर ‘पाठवणाऱ्याचे नाव व पत्ता’ अशी जागा असायची. तिथे तुम्ही काहीही लिहा, पोस्टमन विचारत नसे. फोनवर दिसणारा नंबर हा तसाच, पाठवणाऱ्याने लिहिलेला पत्ता. पुढे इंटरनेटवरून फोन लावता येऊ लागले आणि ती जागा वाटेल त्याने वाटेल तशी भरायला सुरुवात केली. फोन करणारा बसलेला परदेशात, तुमच्या पडद्यावर नंबर दिसतो दिल्लीच्या पोलीस ठाण्याचा.

अमेरिकेत ह्याचा त्रास आपल्या आधी सुरू झाला. माझी मुलगी न्यू जर्सीत असते. तिच्या भागातलाच वाटावा अशा नंबरांवरून तिला दिवसाला पाच-सहा फोन येत, उचलला की यंत्र बोलायला लागे. तिथल्या सरकारने डिसेंबर २०१९ मध्ये कायदा केला आणि ३० जून २०२१ पर्यंत मोठ्या कंपन्यांना एक पद्धत बसवायला लावली. तिचे नाव स्टर-शेकन. जेम्स बाँडच्या त्या प्रसिद्ध पेयावरून जमवलेले नाव आहे. आमच्या इंजिनियर लोकांची विनोदबुद्धी एवढीच. कल्पना साधी आहे. ज्या कंपनीच्या जाळ्यातून फोन निघाला, तिने त्यावर आपली डिजिटल सही करायची आणि पलीकडच्या कंपनीने ती तपासायची. सहीचे तीन दर्जे. ‘ए’ म्हणजे हा आमचा ग्राहक आहे आणि हा नंबर वापरण्याचा त्याला हक्क आहे. ‘बी’ म्हणजे ग्राहक आमचा, पण नंबरचे सांगता येत नाही. ‘सी’ म्हणजे बाहेरून आला, आम्ही फक्त पुढे ढकलला. पत्राच्याच भाषेत बोलायचे, तर पाठवणाऱ्याच्या पत्त्यावर टपालखात्याने तपासून मारलेला शिक्का.

मग अमेरिकेत फोन थांबले का? मुलीला विचारले तर ती हसली. अजूनही तिथे महिन्याला अब्जावधी यांत्रिक फोन जातात. एक कारण तांत्रिक आहे. ही सही इंटरनेट पद्धतीच्या जाळ्यातूनच टिकते. वाटेत एखादा जुन्या पद्धतीचा दुवा लागला की गळून पडते. पण मोठे कारण तांत्रिक नाही. फोन करणाऱ्यांनी रीतसर नंबर विकत घेतले आणि रीतसर सहीनिशी ते त्रास देऊ लागले! सही सांगते की पत्ता खरा आहे. पाकिटात काय आहे ते सही सांगत नाही, सांगूही शकत नाही.

आता आपल्याकडे येऊ. आपल्या देशात ही सहीची पद्धत नाही, पण एक काम सरकारने केले, ते मला इंजिनियर म्हणून फार आवडले. २०२३-२४ च्या सुमारास परदेशातून येणारे असंख्य फोन +९१ ने सुरू होणारा भारतीय मोबाइल नंबर दाखवत. आता विचार करा, भारतीय नंबरवरून केलेला फोन परदेशातून कधी येईल? त्या नंबरचा मालक खरोखरच परदेशी गेला असेल, तेव्हाच. म्हणून २२ ऑक्टोबर २०२४ रोजी दूरसंचार खात्याने एक केंद्रीय व्यवस्था सुरू केली. परदेशातून भारतीय नंबर दाखवत फोन आला की ती विचारते, ह्या नंबरचा माणूस सध्या परदेशात रोमिंगवर आहे का? नसेल तर फोन दारातच अडवायचा. माणूस घरात बसलेला असताना त्याच्या नावाने परगावाहून हाक आली, तर ती खोटी. एवढेच! पहिल्या चोवीस तासांत १ कोटी ३५ लाख फोन पकडले गेले. परदेशातून भारतीय नंबर दाखवत आलेल्या एकूण फोनपैकी ते सुमारे ९० टक्के होते, असे खात्याने जाहीर केले. दोनएक महिन्यांत हा रोजचा आकडा सहा लाखांच्या आसपास उतरला.

झाले की काम, असे वाटेल. नंबर तपासण्याने फरक पडतो, याचा ह्याहून चांगला पुरावा मला माहीत नाही. पण पुढे काय झाले? भारतीय नंबरचा बुरखा चालेना, तेव्हा तीच मंडळी खऱ्याखुऱ्या परदेशी नंबरांवरून फोन करू लागली. मग खात्याला कंपन्यांना सांगावे लागले की अशा फोनवर ‘आंतरराष्ट्रीय कॉल’ असे दाखवा. आणि बाकीची मंडळी कुठे गेली? आपल्याच देशातल्या, आपल्याच दहा आकडी नंबरांवर. तिथे खोटे काहीच नाही. सिम खरे, नंबर खरा. फक्त माणूस खोटा.

हे पहिल्यांदा घडले असेही नाही. २००७ साली ‘डू नॉट कॉल’ नोंदणी सुरू झाली तेव्हा आपण सगळ्यांनी हौसेने नावे घातली. ज्या कंपन्या कायदा पाळणाऱ्या होत्या त्यांनी फोन थांबवले. ज्या पाळणाऱ्या नव्हत्या त्यांना यादीशी देणेघेणे नव्हते. मग ट्रायने २०१० मध्ये नवे नियम केले आणि जाहिरातीच्या फोनसाठी १४० ने सुरू होणारे नंबर नेमून दिले. कल्पना उत्तम. नंबर बघताच कळावे की हा विक्रेत्याचा फोन आहे. लोकांना कळले, आणि लोकांनी १४० चे फोन घेणे बंद केले. त्याबरोबर विक्रेत्यांनी काय केले? साधी दहा आकडी सिमे घेतली! पाटी इतकी खरी होती, की ती पाटी लावून दुकान चालेना. म्हणून मी म्हणतो, ओळखपत्राने प्रामाणिक माणसाची सोय होते. दुसरा माणूस ओळखपत्र लागत नाही अशा दाराने आत येतो. दुसरे दार उघडे ठेवून पहिल्यावर कितीही पहारा दिला तरी उपयोग काय?

आता एक घरची गोष्ट सांगतो. ती सांगायची की नाही, याचा मी बराच विचार केला.

माझे थोरले बंधू, आम्ही त्यांना दादा म्हणतो, बेळगावला असतात. वय एक्क्याऐंशी. मागच्या वर्षी एके सकाळी ते भाजी आणायला गेले असताना रस्त्यात पडले. खुब्याचे हाड मोडले. जवळच्या एका रिक्षावाल्याने त्यांना उचलले, दवाखान्यात नेले. दादांचा मोबाइल पडताना फुटला होता, पण खिशातल्या डायरीत पहिल्या पानावर माझा नंबर होता. पुतण्याचा नव्हता, कारण तो घरातच असतो, त्याचा लिहायची काय गरज? त्या भल्या माणसाने स्वतःच्या फोनवरून मला फोन लावला. मी कट केला. परत लावला. परत कट केला. तिसऱ्यांदा लावला, तेव्हा मी तो नंबर ब्लॉकच केला आणि पत्नीला म्हणालो, “सकाळी सकाळी सुरू झाले यांचे.”

पुतण्याला कळायला अडीच तास गेले. दादा शेवटी शुद्धीवर येऊन घरचा पत्ता सांगू शकले तेव्हा कळले. ऑपरेशन झाले, आता काठी घेऊन हिंडतात. माझ्यावर रागावलेही नाहीत. उलट म्हणाले, “अरे, मीसुद्धा उचलला नसता.” हे ऐकून मला बरे वाटायला हवे होते, पण वाटले नाही. तो रिक्षावाला अडीच तास, आपला धंदा बुडवून, तिथे बसून होता. मी रात्री त्याला फोन केला तेव्हा म्हणाला, “साहेब, मला वाटलं तुमचं-त्यांचं भांडण असेल.”

मंडळी, नको असलेल्या फोनमुळे आपले किती तास वाया जातात याचा हिशेब सगळे मांडतात. हा दुसरा हिशेब कोणी मांडत नाही. अनोळखी माणसाचा फोन घ्यायचाच नाही, हे आपण सगळ्यांनी शिकून घेतले आहे. ‘हॅलो, कोण बोलतंय?’ हा प्रश्न आपण विचारतच नाही. आपल्या शेजारच्या आजीबाई कुठलाही फोन घेऊन मोठ्याने ‘यारु माताडोदु?’ असे विचारायच्या, निम्मे फोन चुकीचे असायचे आणि त्यातल्या एकदोघांशी त्यांची पुढे ओळखही झाली होती! तो काळ परत येणार नाही, मान्य.

आता माझ्या त्या सकाळी पडद्यावर खरे नाव दिसले असते तर? ह्या योजनेला सीनॅप म्हणतात. ट्रायने नोव्हेंबर २०२२ मध्ये त्यावर लोकांची मते मागवली, फेब्रुवारी २०२४ मध्ये शिफारशी केल्या आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये ट्राय व दूरसंचार खाते यांचे त्यावर एकमत झाले. आता ती टप्प्याटप्प्याने अमलात येते आहे. सिम घेताना तुम्ही जे नाव कागदपत्रांनिशी दिले, तेच समोरच्याच्या पडद्यावर दिसायचे. ट्रूकॉलरशी हिची तुलना करतात, पण दोहोंत फरक आहे. ट्रूकॉलर २००९ साली स्वीडनमध्ये निघाले. तिथे प्रामुख्याने लोकांनी तुमचे नाव जसे सांगितले, जसे साठवले, तसे दिसते. माझ्या एका मित्राचे नाव तिथे बरीच वर्षे ‘गीझर रिपेअर’ असे दिसे, कारण त्याला तो नंबर मिळण्याआधी तो दुसऱ्याचा होता. ती ऐकीव माहिती. सीनॅपची माहिती कंपनीच्या दप्तरातली.

पण दप्तरातले नाव म्हणजे बोलणाऱ्याचे नाव नव्हे. आपल्याच घरात बघा. आमच्याकडे चार सिमे आहेत आणि चारही माझ्या नावावर, कारण त्या दिवशी रांगेत मी उभा होतो. म्हणजे आमच्या हिने भजनी मंडळात फोन केला की तिथल्या बायकांना माझे नाव दिसणार. बऱ्याच घरांत आजोबांचे सिम नातवाच्या नावावर, कामवाल्या बाईंचे सिम मालकिणीच्या नावावर. शिवाय ही सोय आधी ४जी आणि ५जी वर. जुन्या २जी जाळ्यावर ती देणे तांत्रिकदृष्ट्या अवघड म्हणून ते वगळले आहे. म्हणजे साधा बटणांचा फोन घेऊन बसलेले आपले वडीलधारे, ज्यांना सगळ्यात जास्त फसवले जाते, त्यांच्यातल्या कित्येकांना नाव दिसणारच नाही.

आणि समजा, मला त्या रिक्षावाल्याचे नाव दिसले असते. अगदी खरे, आधारकार्डावरचे. मी काय केले असते? प्रामाणिकपणे सांगतो, कटच केला असता. त्या नावाचा कोणी माझ्या ओळखीचा नाही. नाव खरे आहे एवढ्याने तो माझा होत नाही. उलट एखादा भामटा गरिबाच्या नावावर काढलेले सिम वापरत असेल, तर त्या गरिबाचे सरळ, साधे, खरे नाव मला दिसेल, आणि ते नाव कोल्हापूरकडचे असले तर मी कदाचित उचलीनही! ज्याचे नाव दिसते तो बिचारा बांधकामावर विटा उचलत असेल. त्याला एवढेच माहीत, की कोणीतरी दोनदा अंगठा लावून घेतला होता.

दुसरीही एक गंमत आहे, ती आपल्या शहरातली. तुम्ही टॅक्सी मागवता, ड्रायव्हरचा फोन येतो, पण नंबर त्याचा नसतो. मधल्या यंत्राचा असतो. हे मुद्दाम केलेले आहे. रात्री घरी जाणाऱ्या मुलीचा खासगी नंबर ड्रायव्हरकडे राहू नये आणि त्याचा तिच्याकडे, म्हणून. अशी सेवा देणारी एक्झोटेलसारखी कंपनी आपल्या बंगळूरचीच आहे. म्हणजे खरा नंबर लपवणे हे दर वेळी पाप नसते. ‘ज्याने त्याने आपले नाव दाखवलेच पाहिजे’ असे सरसकट म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. महिलाश्रमातून फोन करणाऱ्या बाईचे नाव तिच्या नवऱ्याच्या पडद्यावर झळकावे, असे आपल्याला वाटते का?

मग हे सगळे निरुपयोगी का? तसे मी म्हटलेले नाही. माझे म्हणणे असे, की ओळख पटवणे ही पहिली पायरी आहे. फोन कमी होतात ते दुसऱ्या पायरीने. ती पायरी म्हणजे पकडलेल्याचे कनेक्शन तोडणे. हेही घडलेले आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये ट्रायने आदेश दिला की नोंदणी न करता जाहिरातीचे फोन करणाऱ्यांच्या सगळ्याच लाइनी तोडा आणि त्यांना दोन वर्षांपर्यंत काळ्या यादीत टाका. ह्यांच्या लाइनी म्हणजे तुमच्या-माझ्यासारखी एकेक नव्हे. पीआरआयची एक लाइन घेतली की तिच्यातून एकाच वेळी तीस जण बोलू शकतात. सप्टेंबरच्या सुरुवातीलाच पन्नासहून अधिक संस्था काळ्या यादीत गेल्या आणि पावणेतीन लाख नंबर व लाइनी तोडल्या गेल्या. परिणाम? ट्रायकडच्या आकड्यांप्रमाणे ऑगस्टमध्ये अशा फोनच्या १ लाख ८९ हजार तक्रारी होत्या; सप्टेंबरमध्ये १ लाख ६३ हजार, ऑक्टोबरमध्ये १ लाख ५१ हजार. दोन महिन्यांत वीस टक्के घट. फार नाही, पण खरी. आणि ती पडद्यावर कोणाचे नाव दाखवून झालेली नाही, कात्रीने झाली आहे. अर्थात, कात्री चालवायला तार कोणाची ते माहीत हवे, आणि तिथे ओळख पटवण्याचे महत्त्व येते.

यात पैशाचा भाग आहे, तो आमच्या पिढीला चटकन कळतो. बेळगावला फोन करायचा तर आपण रात्री उशिरापर्यंत थांबायचो, पाव दर लागावा म्हणून. एसटीडी बूथवर त्या मीटरचे आकडे पळायला लागले की ‘बरं, ठेवतो’ हे शब्द आपोआप तोंडातून येत. त्या काळात लाख लोकांना फोन लावून त्यातला एक गळाला लागतो का बघणे, हा धंदा परवडलाच नसता. आज फोन जवळजवळ फुकट आहे. महाग होईल ते फक्त पकडले जाणे. फेब्रुवारी २०२५ मध्ये नियम आणखी कडक झाले. पूर्वी एखाद्या नंबरवर सात दिवसांत दहा तक्रारी आल्या तर कारवाई होई; आता दहा दिवसांत पाच पुरतात. तक्रार करायला तीन दिवसांऐवजी सात दिवस मिळतात आणि कंपनीने तीस दिवसांऐवजी पाच दिवसांत पाऊल उचलायचे. पाच तक्रारी! ह्या सभागृहात दोनशे माणसे तरी आहेत. पण आपण काय करतो? नंबर ब्लॉक करतो आणि गप्प बसतो. ब्लॉक केल्याने तो माझ्यापुरता थांबला, पुढच्या मिनिटाला तो तुम्हाला फोन करतो. १९०९ ला कळवले तर त्याचा नंबर तुटण्याची शक्यता तरी निर्माण होते. मी स्वतः ब्लॉक करणाऱ्यांतलाच होतो, आणि कोणाला ब्लॉक केले ते तुम्ही ऐकलेच.

आता बँकांच्या फोनविषयी, कारण तिथे आयुष्यभराची पुंजी असते. मे २०२४ मध्ये दूरसंचार खात्याने १६०० ने सुरू होणारे नंबर फक्त सरकारी कचेऱ्या आणि वित्तसंस्थांच्या कामाच्या फोनसाठी राखून ठेवले. नोव्हेंबर २०२५ मध्ये ट्रायने मुदती ठरवून दिल्या. व्यापारी बँकांना १ जानेवारी २०२६. मला ही योजना नाव दाखवण्यापेक्षा जास्त आवडते. कारण इथे मला कोणाचे नाव वाचून अंदाज बांधायचा नाही. १६०० नसेल तर तो बँकेचा फोन नव्हे. मात्र ह्यात एक अट आहे, आणि ती आपल्या हातात नाही. बँकेच्या माणसाने एकदासुद्धा साध्या नंबरवरून ‘सर, केवायसी राहिलंय’ असा फोन करता कामा नये. एका शाखेतल्या एका उत्साही अधिकाऱ्याने स्वतःच्या मोबाइलवरून दहा ग्राहकांना फोन केले, की ते दहा जण पुन्हा कोणत्याही नंबरवर विश्वास ठेवायला तयार! बँकेत नोकरी करणारे बरेच जण इथे बसले आहेत, त्यांना ही माझी हात जोडून विनंती.

व्हॉट्सअ‍ॅपवरून येणाऱ्या फोनला ह्यातले काहीच लागू नाही, हेही सांगून ठेवतो. ना सीनॅप, ना १६००. ‘डिजिटल अरेस्ट’ करणारी टोळी म्हणूनच तुम्हाला साध्या फोनवरून व्हिडिओ कॉलवर यायला सांगते. कायद्यात अशी अटक नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये पंतप्रधानांनीही ‘मन की बात’मध्ये ते सांगितले होते, तरी शिकलेली माणसे फसतात, कारण भीती वाटली की शिक्षण कामाला येत नाही. पैसे गेलेच तर लाज न बाळगता लगेच १९३० ला फोन करा. लगेच म्हणजे मुलाला विचारून, रात्री झोपून, सकाळी नव्हे.

भाषणाच्या आधी एका वहिनींनी विचारले, “भाऊजी, मग आता तुम्ही अनोळखी फोन घेता का?” घेतो. सगळे नाही. एकाच नंबरवरून लागोपाठ दुसऱ्यांदा फोन आला की घेतो आणि काही न बोलता थांबतो. यंत्र असेल तर तेही बहुधा थांबून राहते. माणूस असेल तर तो ‘हॅलो’ म्हणतो. पैशाचे नाव निघाले की ठेवतो, आणि १९०९ ला कळवतो. दादांच्या डायरीत आता पहिल्या पानावर पाच नंबर आहेत, पहिला पुतण्याचा. त्याखाली त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहिले आहे, ‘भाऊ फोन उचलत नाही, निरोप पाठवावा.’ मी खोडा म्हटले तर खोडत नाहीत.

त्या रिक्षावाल्याचा नंबर मी त्याच रात्री ब्लॉकमधून काढला आणि नावानिशी साठवला. पाडव्याला त्याचा फोन आला होता. पहिल्या घंटेला उचलला.